ताई, तुम्ही नक्की करता काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फोनवर, व्हॉट्सॲपवर, कार्यक्रम संपल्यावर चपला शोधताना, जे प्रश्न परत परत येतात ते सगळे इथं एका जागी टाकलेत. नंबर दिलेत, म्हणजे तीच गोष्ट दोनदा सांगायला नको, 'वर बघा' म्हणता येतं. कायद्याचं जे लिहिलंय ते धडपडून शिकलेलं आहे, मी काय वकील नाही, मोठा व्यवहार असला तर कागद वकिलाला दाखवाच.

१. ताई, तुम्ही गायिका की कवयित्री की अजून काय?

गाणी मी लिहिते, चाल मीच लावते आणि गाते पण मीच. निवेदकांची यात जरा पंचाईत होते, एकानं तर मला 'गीतगायनसम्राज्ञी' म्हणून पुकारलं आणि पुढं बसलेली माझीच जाऊबाई फिस्सकन हसली. दिवसा कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका हार्डवेअरच्या दुकानात हिशोब बघते, घर त्याच्यावर चालतं. गाण्यातनं जे येतं ते ढोलकीवाला, हार्मोनियमवाला, गाडीभाडं यातच जातं, उरलं तर रेकॉर्डिंगला.

२. तुमचं नाव आधी कधी ऐकलं नाही, असं कसं?

बरोबरच आहे, नाव ऐकलं नसणार. गाणं मात्र ऐकलं असण्याची शक्यता आहे, विशेषतः तुमच्या घरात गेल्या चार-पाच वर्षांत एखादं लग्न झालं असेल तर. ही भानगड ८ आणि ९ मध्ये सविस्तर आहे.

३. संगीत कुठं शिकलात? देवल क्लबला होता का?

कोल्हापूरचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच, कारण गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा, आणि शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात ठेवलेलं, त्यामुळं बाहेरच्या माणसाला वाटतं इथल्या प्रत्येक गाणाऱ्याच्या घरात तानपुरा असतोय. आमच्या घरात जातं होतं. आजी दळताना ओव्या म्हणायची, मी शेजारी बसून पीठ गोळा करायची, शब्द तिथं डोक्यात बसले. तालाचं शिक्षण गावातल्या सोंगी भजनात. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, अभंग-गवळण रंगात आली की मधेच सोंगं येतात, संवाद होतात, लोक हसून लोळतात, आणि परत पखवाज पहिल्या जागेवरनं उचलतो. तो 'परत उचलणं' जो प्रकार आहे तो मला पुढं गाणी लिहिताना लई कामाला आला. आमच्या भजनातले बुवा हार्मोनियम शिकवायचे, फी म्हणजे त्यांच्या म्हशीला वैरण टाकायची. शास्त्रीय मी बरंच उशिरा शिकले, ते पण तुटक तुटक.

४. ऑर्केस्ट्रात होता म्हणे, कसं होतं ते?

होते. नव्वदचं दशक संपत आलेलं तेव्हा लागले. गणपतीला जे सुरू व्हायचं ते नवरात्र, मग दिवाळीनंतर उरूस, जत्रा, चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या पुढं-मागं गावोगावच्या यात्रा, आणि मिरीग निघाला की धंद्याला कुलूप. टेम्पोत साऊंडच्या बॉक्सवर सतरंजी टाकून बसायचं, गडहिंग्लजला जा, निपाणीला जा, पहाटे परत. प्रत्येकाकडं गाण्यांची वही असायची, पानाच्या कोपऱ्यात स्केल लिहिलेलं, काळी चार, पांढरी पाच, आणि वन्स मोअर मिळालेल्या गाण्यापुढं चांदणी.

लोकांना वाटतं तिथं फक्त दुसऱ्यांची गाणी गायली. गाणी दुसऱ्यांचीच, पण लिहायला मी तिथंच शिकले, आणि ते असं. जत्रेत बक्षीस येतं, कुणीतरी पन्नासाची नोट स्टेजवर पाठवतं, निवेदक नाव पुकारतो. एकदा निवेदकाचा घसा बसला आणि नावं वाचायचं काम माझ्यावर आलं. नुसती वाचायला कसंतरी वाटलं म्हणून ढोलकीच्या ठेक्यावर दोन ओळी जुळवल्या:

पन्नासाची नोट आली सरपंचांची कोरी,
शंभराची थोरली बहीण कुठं ठेवली घरी?

मांडवात हशा झाला आणि सरपंचांनी खरंच शंभर पाठवले. मग ते माझं खातंच झालं. नाव हातात आलं की ठेका एक आवर्तन फिरेपर्यंत यमक जुळलं पाहिजे, आणि ज्याचं नाव आहे तो चिडता कामा नये. याच्याएवढी कडक शाळा मला परत कुठं मिळाली नाही. वहीची मागची पानं अशा ओळींनी भरली, आणि त्यातनंच पुढं माझी पहिली गाणी निघाली. त्या वहीचा विषय १३ मध्ये परत येईल.

५. बाईमाणूस म्हणून रात्री-अपरात्री, घरचे कसे काय तयार झाले?

आमच्या ढोलकीवाल्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. सुरुवातीला आई सोबत यायची, टेम्पोत झोपायची, कार्यक्रमाला उठून बसायची. आमच्या ग्रुपमधली पोरं चांगली होती. पुढचा प्रश्न.

६. मग मधेच गाणं बंद का केलं?

लग्न झालं, पोरं झाली, हे एक कारण, आणि लोकांना तेवढंच ऐकायचं असतं. दुसरं कारण कुणी विचारत नाही. ऑर्केस्ट्राच बसला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, सरकार वर्षातनं जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. नियम चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणत नाही, आजारी माणसाच्या उशाशी डॉल्बी वाजला की कळतं. पण गावातला कार्यक्रम सुरूच व्हायचा दहाला! पालखी येणार, देवाचं होणार, माणसं जेवणार, मग बायका पोरं घेऊन मांडवात येणार. दहाला बंद करायचं तर सुरू कधी करणार? शहरात मग हळूहळू डॉल्बी आणि कराओके ट्रॅक आले, एका माणसात काम व्हायला लागलं, आठ-दहा वाजवणाऱ्यांचा खर्च कोण करेल. आमच्यातला बेसवाला आता रिक्षा चालवतो, ऑक्टोपॅडवाल्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि ते झकास चाललंय.

७. निवडणुकीची गाणी तुम्ही लिहिता हे खरं का? आणि एकाच वॉर्डात दोन्ही उमेदवारांची?

दोन्हीला उत्तर हो. पोरं शाळेत जायला लागल्यावर परत हात चालू झाला तो याच्यामुळं. रात्री आठला फोन येणार, सकाळी रिक्षावर भोंगा लागला पाहिजे. बहुतेकांना फिल्मी चालीवर शब्द पाहिजे असतात, मी माझ्याच चालीवर देते, कारण फिल्मी चालीची मालकी दुसऱ्याची असते आणि उद्या काही झालं तर उमेदवार निवडून येऊन मोकळा, निस्तरायला मी.

यातली गंमत म्हणजे चिन्ह. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर, तोवर प्रचाराला दिवस किती राहतात, आणि गाणं तर आधी तयार पाहिजे. म्हणून मुखड्यात चार मात्रांची जागा मोकळी सोडून गाणं रेकॉर्ड करायचं. शिट्टी आली, चार मात्रा, बसली. नारळ आला, बसला. कपबशी आली की मेलो, पाच मात्रा, मग 'बशी' जरा पळवत म्हणायची. दोन्ही उमेदवारांचं म्हणाल तर शिंपी दोन्हीकडच्या नेत्यांचे झब्बे शिवतोय, त्याला कुणी गद्दार म्हणत नाही. नियम एकच, समोरच्याचं नाव घेऊन वाईट लिहिणार नाही, आणि पैसे मतदानाच्या आधी. निकालानंतर हरलेला फोन उचलत नाही, आणि जिंकलेला तर त्याहून नाही.

८. जुन्या कॅसेटवर आवाज तुमचा आहे, मग नाव का नाही?

ऑर्केस्ट्राच्या काळात एका कंपनीनं हळदीच्या, घाण्याच्या (म्हणजे लग्नात हळकुंडं दळतानाच्या) गाण्यांची कॅसेट काढली. आठ गाणी, त्यातली सहा खरोखर परंपरेची, दोन माझी, शब्द आणि चाल दोन्ही. एकरकमी पैसे मिळाले, त्या वयात बरेच वाटले, कागदावर सही घेतली. कॅसेट बाजारात आली तर कव्हरवर देवीचा फोटो, खाली संगीत संयोजकाचं नाव, आणि आठही गाण्यांपुढं 'पारंपरिक'. दुकानदार मला सांगत होता, घ्या ताई, चांगली चालतीये.

त्या कागदात काय होतं ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम १९ प्रमाणं हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, तोंडी चालत नाही. आणि कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझ्या कागदात मुदतीची ओळच नव्हती. कंपनीनं घाईत बनवलेला कागद शेवटी माझ्याच उपयोगी पडला. म्हणजे शब्द आणि चालीचे हक्क केव्हाच परत माझ्याकडं आलेले, आणि मी आपली घरात बसून हळहळत होते.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर अजून एक झालंय, गीतकार आणि संगीतकारानं रॉयल्टीतला आपला बरोबरीचा वाटा सोडून दिला असं कागदावर लिहून घेतलं तरी त्याला अर्थ नाही. तो वाटा वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच (रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था, १४ बघा) देता येतो. नवीन पोरांनी एवढं एक तरी पाठ करून ठेवावं.

९. पण स्टेटसला वाजतं ते हळकुंडाचं गाणं पारंपरिकच आहे ना? आमची आजी म्हणायची.

तुमच्या आजी घाण्याची गाणी म्हणत असणार यात शंका नाही. हळदीच्या आधी जात्याला आंब्याचा डहाळा बांधून सुवासिनी हळकुंडं दळतात, तेव्हाची गाणी घरोघर आहेत आणि ती कुणा एकाची नाहीत. पण हे गाणं त्या कॅसेटवरच्या माझ्या दोनातलं एक आहे:

जात्यावरच्या हळकुंडा, दोन घटका थांब रं,
माझ्या लेकीच्या शाळेची वाट अजून लांब रं

हे ऐकून लोक म्हणतात, व्वा, आपल्या पूर्वजांचे विचार किती पुढचे होते बघा. मी म्हणते पुढचा अंतरा ऐका, 'एसटीच्या पासावरचा फोटो तिचा हासतो'. एसटीच मुळात १९४८ ला सुरू झाली, शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या ओवीत तो पास कुठनं येणार? माझ्या वर्गातली एक पोरगी नववीत लग्न होऊन गेली, तिचा पास बाकाच्या कप्प्यात तसाच राहिला होता, त्यावरनं ते आलंय.

चालीचा प्रश्न जरा बारीक आहे. मुखड्याची उठावण ओवीच्या वळणाची आहे, ती माझी नाही, कुणीही घ्यावी. अंतऱ्याची चाल माझी, शब्द सगळे माझे. परंपरेच्या मालावर काही नवीन बांधलं तर जेवढं नवीन तेवढंच तुमचं, जुनं होतं ते सगळ्यांचंच राहतं.

१०. मग ती जुनी कॅसेटवाली ओरिजिनल तुमच्या चॅनेलवर का नाही? नवीनपेक्षा ती भारी आहे.

भारी आहे, मान्य, तेव्हाचा आवाजच वेगळा होता. पण ते रेकॉर्डिंग माझं नाही. एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द-चाल माझ्याकडं परत आली (८ बघा), पण ध्वनिमुद्रण ज्यानं पैसे घालून केलं त्या निर्मात्याचं, आणि ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं त्याचंच राहतं. शब्द आणि चाल मी जिवंत असेपर्यंत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं. म्हणून मी तेच गाणं नव्यानं रेकॉर्ड केलं, खोलीत गाद्या उभ्या करून.

११. आमच्या लग्नात हे गाणं म्हटलं तर परवानगी लागते का? पैसे?

नाही आणि नाही. लग्नातले विधी, वरात, लग्नाच्या निमित्तानं होणारे घरगुती समारंभ, यात गाणं गायला किंवा वाजवायला कायद्यातच सूट आहे, कुठल्याही गाण्याला, माझ्याच असं नाही. बिनतिकिटाच्या श्रोत्यांपुढं हौशी मंडळानं गायलं तरी चालतं. तिकीट लावून शो केला, हॉटेलनं गिऱ्हाइकांसाठी वाजवलं, की सूट संपली. हळदीत बिनधास्त म्हणा, फक्त 'पारंपरिक' म्हणून पुकारू नका एवढीच विनंती.

१२. मला तुमच्या गाण्याचं कव्हर करून, म्हणजे माझ्या आवाजात गाऊन, यूट्यूबला टाकायचंय.

मला मेसेज करा, मी बहुतेक वेळा हो म्हणते, खाली गीत-संगीत म्हणून नाव टाकायचं बस. विचारायचं का तर लग्नातली सूट (११) लग्नापुरतीच, चॅनेलवर टाकलेला व्हिडिओ त्यात येत नाही.

काही जण मला कायदा शिकवतात, की पाच वर्षं झाली की कव्हर आपोआप मोकळं होतं. तसं नाही ते. कलम ३१सी आहे, पहिल्या रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं गेली की कव्हर करता येतं, पण आधी नोटीस द्यायची, शब्द-चाल मालकाच्या संमतीशिवाय बदलायचे नाहीत, आणि किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. तरतूद कॅसेट-सीडीच्या डोक्यानं लिहिलेली, खोलीत बसून गाणाऱ्या पोराला ती काय कामाची. त्यापेक्षा मेसेज स्वस्त.

१३. तुमच्याच गाण्यावर तुमच्याच चॅनेलला कॉपीराइट क्लेम आला हे खरं?

खरं आहे आणि आजही सांगताना डोकं फिरतं. माझं नवीन रेकॉर्डिंग चढवलं, दोन दिवसात क्लेम, की ही चाल दुसऱ्या कुणाच्या मालकीची आहे. झालं असं की कुणीतरी कॅसेटचं गाणं डिजिटल करून आपल्या नावानं नोंदवलेलं, आणि यूट्यूबची कंटेंट आयडी सिस्टीम नोंदलेल्या गाण्याशी नुसता आवाज नाही, चाल पण जुळवून बघते. आधी कुणी लिहिलं हे तिला कळत नाही, आधी कुणी नोंदवलं एवढंच कळतं.

डिस्प्यूट टाकला. समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात, उत्तर नाही आलं तर क्लेम सुटतो. पुरावा म्हणून काय होतं, तर कंपनीचा तो कागद आणि ऑर्केस्ट्राची वही. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा वही माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांमागं होती म्हणून वाचली, खालचं कपाट अख्खं गेलं. त्या पानावर गाणं खाडाखोडीसकट आहे, 'लांब रं' च्या आधी मी 'थांब की' लिहून खोडलेलं दिसतंय. क्लेम सुटला.

त्यानंतर शब्द आणि चाल रीतसर रजिस्टर केली. कॉपीराइट गाणं तयार होताच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, पण भांडण लागलं की कोर्टात ती प्रथमदर्शनी पुरावा धरतात. शब्दांना एक अर्ज, चालीला दुसरा, फी प्रत्येकी ५०० रुपये, हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं आणि मग तपासणीत वेळ जातोच. सगळीच गाणी करत बसू नका, जे फिरतंय ते करा.

१४. एवढं स्टेटसला वाजतं म्हणजे लाखो रुपये आले असतील?

स्टेटसचा एक रुपया येत नाही. लोक व्हिडिओ एकमेकांना पाठवतात, त्याचा हिशोब कुठंच लागत नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा पाहिजे तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास बघितलेलं पाहिजे (किंवा ९० दिवसात शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यू). स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या गाण्याला वर्षभरात १,००० पेक्षा कमी स्ट्रीम त्याला शून्य. माझ्या काही गाण्यांचं त्यामुळं शून्यच आहे, आणि त्यातली दोन मला हळकुंडापेक्षा आवडतात.

गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था आहे, १९६९ पासूनची, शब्द-चालीची रॉयल्टी गोळा करून वाटते. गाणाऱ्यांच्या हक्कासाठी इस्रा, आताचं नाव इसाम्रा. स्वतः लिहिता आणि गाता तर दोन्हीकडं बघा, कारण गाणाऱ्याचा हक्क हा शब्द-चालीपेक्षा वेगळा आहे. मेंबर झालं की पैशाचा पाऊस पडतो असं काही नाही. पण गाणं कुठंतरी मोठ्या ठिकाणी वाजलं आणि तुमचं नावच यादीत नसलं तर द्यायचे कुणाला?

१५. कार्यक्रमाचं किती घेता? जीएसटी बिल मिळेल का?

किती ते फोनवर. गाव किती लांब, साथीला किती जण, साऊंड कुणाचा, यावर ठरतं. कोल्हापूर शहरात गल्लीतल्या मंडळाला आणि कागलच्या पुढच्या कारखान्याला एक भाव कसा लावणार.

जीएसटीचं मात्र सांगते कारण संस्थावाले दरवेळी अडतात. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही, आमच्यातले बहुतेक तिथंच संपतात. त्याच्याही वर गेलात तर लोककला किंवा शास्त्रीय प्रकारातल्या संगीत, नृत्य, नाटकाच्या सादरीकरणाला एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर सूट आहे. आता गोची बघा, घाण्याची गाणी लोककला, पण त्याच स्टेजवर त्याच गळ्यातनं फिल्मी गाणी म्हटली की ती सूट नाही. माझ्या स्वतःच्या गाण्यांना काय म्हणायचं यावर आमच्या सीएनं नुसता चहा मागवला. टीडीएस कापला तर रिटर्न भरून परत मागा, सोडू नका.

१६. मुंबईला किंवा पुण्याला का गेला नाही? तिथं नाव झालं असतं.

गेले होते, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रीत जायचं, काम करून दुसऱ्या रात्री परत. स्क्रॅच गायचे, म्हणजे मोठी गायिका यायच्या आधी गाणं कसं बसतंय ते बघायला कच्चं गाऊन ठेवायचं, मग ते पुसून तिचा आवाज घालतात. काम काही कमीपणाचं नाही, शिकायला मिळालं, पण तेवढ्यासाठी पोरांना सोडून राहणं मला जमणारं नव्हतं.

आणि कोल्हापुरात राहून होत नाही हे मला पटत नाही. सुधीर फडके इथं जन्मले, मोठे झाले ते बाहेर जाऊन, हे बरोबर. पण जगदीश खेबूडकरांनी मास्तरकी केली, कोल्हापुरात राहिले आणि अख्ख्या मराठी सिनेमाला गाणी पुरवली. तेव्हा सिनेमाच इथं होता, जयप्रभा स्टुडिओ होता, हा फरक आहे. आता स्टुडिओ खोलीत मावतो, तर तेवढा फरक भरून निघाला म्हणायचा.

१७. केशवराव भोसले नाट्यगृहाला तुमचा कार्यक्रम कधी?

तिथं माझा स्वतःचा असा कार्यक्रम झालेला नाही, कोरसमध्ये उभी राहिलेय. शाहू महाराजांनी बांधलेलं ते १९१५ चं पॅलेस थिएटर, त्याला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री अर्धं कोल्हापूर खासबागेपाशी उभं होतं, मी पण. त्याच्यावर गाणं लिहा म्हणून बरेच जण मागं लागले, लिहिलं नाही आणि लिहिणार नाही. माझे कार्यक्रम गल्लीत, वाड्याच्या सोप्यात, कधी शाहू स्मारकला, साठ-सत्तर माणसांत बरे होतात.

१८. मला पण स्वतःची गाणी लिहून गायचीत, सुरुवात कुठनं करू?

माईक घेऊ नका, आधी वही घ्या. तारीख टाकून लिहा, खोडलेलं फाडू नका (१३ वाचलं असेल तर कारण कळलं असेल). चाल सुचली की मोबाईलवर गुणगुणून स्वतःलाच पाठवून ठेवा, तारखेचा पुरावा फुकटात. जवळच्या भजनी मंडळात जाऊन बसा, तिथं ठेका चुकला की वरची बाई डोळ्यानं मारते. माणसांच्या नावांवर ओळी जुळवायची सवय करा. आकाशवाणीची सुगम संगीताची ऑडिशन द्या, बी ग्रेड मिळाली तरी आवाज तपासून झाला असं समजा. कंपनीचा कागद आला तर मुदत, प्रदेश आणि नाव या तीन ओळी शोधा, सही नंतर.

१९. डोहाळजेवणाला, बारशाला गाणं लिहून देता का? आणि मग ते गाणं कुणाचं?

देते, महिन्यातलं निम्मं काम तेच. आई-बाबांची, आजोळची, आत्या-मामांची नावं पाठवायची, कोण कुणावर रुसलंय ते पण आधी सांगायचं, नाहीतर मी नेमकं त्यांनाच एका ओळीत बसवते. बारशाच्या गाण्यात अडचण ही की नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ते पाळण्यापाशी कानात सांगेपर्यंत गुपित असतं, पण मला यमकाला आठवडाभर आधी पाहिजे. त्यामुळं गावातल्या बऱ्याच बाळांची नावं आत्याच्याही आधी मला कळलेली आहेत. आजवर एक फुटलेलं नाही.

मालकी म्हणाल तर तुम्ही पैसे दिले म्हणून गाणं आपोआप तुमचं होत नाही, शब्द-चाल माझीच राहते. तुमच्या घरात, कार्यक्रमात, व्हिडिओत कायम वापरा, परत पैसे नाहीत. जाहिरातीला किंवा चॅनेलच्या कमाईला वापरणार असाल तर वेगळा कागद.

२०. हळकुंडाचं एआय रिमिक्स आलंय, पुरुषाच्या आवाजात. तुम्हीच केलं का? आणि असं चालतं का?

मी नाही केलं. आवाज मशीनचा असला तरी शब्द आणि अंतऱ्याची चाल माझीच आहे, त्यामुळं १२ मध्ये सांगितलंय तेच इथं पण, विचारायला पाहिजे होतं. अजून एक प्रकार ऐकलाय, त्यात थेट माझ्या आवाजासारखा आवाज बनवलाय. मुंबई हायकोर्टानं जुलै २०२४ मध्ये अरिजीत सिंगच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला, परवानगीशिवाय त्याच्या आवाजाची एआय नक्कल करायला बंदी. पण तिथं त्याची प्रसिद्धी हाच मोठा मुद्दा होता, आणि माझं नाव तर तुम्हीच आधी ऐकलेलं नव्हतं (२ बघा). म्हणून मी आवाजावर भांडत बसत नाही, शब्द-चालीचं रजिस्ट्रेशन पुढं करते, ते सोपं पडतं. असं काही दिसलं तर लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट पाठवा, नुसतं 'ताई तुमचं गाणं चोरलं' एवढाच मेसेज करू नका, मग मी अख्खी रात्र शोधत बसते.